अर्धं काढून उलटवू नको

सुजाताताईंचं नाव पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. शेवटी लिहू म्हणून ठेवलं आणि मधेच माझा धीर सुटून कागद बाजूला पडला, तर त्यांचं नाव राहून जायचं. माझ्या बाबतीत हे होऊ शकतं. सुजाताताई पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात जे गाव आहे तिथल्या, सासर महाडला. आमच्या रेडियमच्या, म्हणजे गाड्यांवर-पाट्यांवर चिकटवायच्या अक्षरांच्या दुकानात कॉम्प्युटरवर रेघा काढायचं काम त्या करायच्या. आज त्या खुर्चीत मी बसतो. बसतो म्हणजे खुर्चीच्या कडेला टेकतो. कुणीतरी येऊन "ऊठ, ही तुझी जागा नाही" म्हणेल, असं अजून वाटत राहतं.

दिवाळी अंकासाठी धंद्याविषयी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. इंग्रजीत गटांगळ्या खाऊन नववीत शाळा सुटलेला माणूस अंकात काय लिहिणार? पण आमचे दुकानमालक इरफानभाई म्हणाले, "लिही रे. लोकांना वाटतं बटण दाबलं की अक्षर पडतं. जरा कळू दे त्यांना."

तर आधी तेवढं सांगतो.

मोबाईलमधला फोटो म्हणजे रंगांच्या दाण्यांची रांगोळी. लांबून चेहरा दिसतो, मोठं करत जवळ गेलं की नुसते चौकोनी दाणे. आमच्या कापायच्या मशीनला, म्हणजे प्लॉटरला, हे दाणे दिसत नाहीत. त्याला एक बारीक पातं असतं आणि पात्याला एवढंच कळतं: कुठून निघायचं, कसं वळायचं, कुठं पोचायचं. म्हणजे रेघ. ती रेघ कॉम्प्युटरवर आखावी लागते, जमिनीत खुंट्या ठोकून त्यांना दोरी ताणावी तशी. खुंटीला आम्ही नोड म्हणतो. प्रत्येक नोडला दोन बाजूंनी दोन दांड्या फुटतात, त्या ओढल्या की दोरी बाक घेते. सुजाताताई त्या दांड्यांना मिश्या म्हणायच्या. "मिशी ओढ. अजून ओढ. आता सोड. बघ, गाल आला."

शिकाऊ माणूस घाबरून खुंट्याच खुंट्या ठोकत सुटतो. मग रेघ खडबडीत होते, पातं अडखळतं, रेडियम फाटतं. कसलेला माणूस थोडक्या खुंट्यांत भागवतो. तशी रेघ कितीही वाढवा, फुटत नाही. रिक्षाच्या काचेवरचं नाव ट्रकच्या फाळक्यावर नेलं तरी तेवढंच नितळ. आणि एक, रेघ मिटली पाहिजे. जिथून निघाली तिथंच येऊन बंद झाली पाहिजे. केसाएवढी फट राहिली तरी तुकडा सुटून येत नाही, ओढायला जावं तर फाटतो. मला वाईट स्वप्नं पडतात ती साप-विंचवांची नाहीत, उघड्या रेघांची पडतात.

मी हिंगोलीकडचा. ओळखीच्या मुकादमाबरोबर महाडच्या औद्योगिक वसाहतीत पावडरच्या गोण्या भरायला आलो. बिरवाडीला आमच्याच भागातल्या पोरांबरोबर एका खोलीत राहायचो. पावडरीनं हातांना खाज सुटली, कातडी निघायला लागली. मुकादम म्हणाला मोजे घाल. घातले, तर मोज्यात खाज. परत जायला गाडी होती, तोंड नव्हतं. निघताना आईला "कंपनीत लागलो" असं छाती काढून सांगितलं होतं.

एकदा मुकादमानं गेटवर लावायच्या 'धोका'च्या पाट्या आणायला महाडला पाठवलं. पाट्या झालेल्या नव्हत्या. सुजाताताई कापलेलं रेडियम टेबलावर पसरून अक्षरांमधलं जास्तीचं चिमट्यानं सोलत होत्या, तेही डाव्या हातानं. उजवं मनगट फडक्यानं बांधलेलं. मी दारात थांबलेला बघून म्हणाल्या, "उभा काय ऱ्हायलास खांबागत? घाई हाय ना तुला? मग बस आणि सोल."

बसलो. दुखऱ्या हातांमुळं मला कुठलीही वस्तू हलकी धरायची सवय लागली होती. एकही अक्षर फाटलं नाही. त्यांनी पाटी उजेडात धरली, फिरवून बघितली. "रविवारी सुट्टी असते ना तुला? ये."

रविवार झाला, मग गोण्या सोडून रोज झालं. माऊस धरून धरून त्यांच्या मनगटाची नस धरली होती, बोटं बधिर व्हायची, हे मला नंतर कळलं. त्यांना एक हात पाहिजे होता आणि मला एक जागा. त्यांची बोटं बधिर होतात हे मी इरफानभाईंना कधी बोललो नाही, आणि मला इंग्रजी वाचता येत नाही हे त्याही बोलल्या नाहीत.

कारण सॉफ्टवेअर सगळं इंग्रजीत. मी चित्रांवरून शिकलो. काळा बाण म्हणजे शेठ, सगळी वस्तू एकदम उचलतो. पांढरा बाण म्हणजे कामगार, एकेक नोड हलवतो. ही नावं ताईंची. पुढं एक दिवस कॉम्प्युटरवाल्यानं नवीन सॉफ्टवेअर टाकलं आणि सगळी चित्रं राखाडी होऊन इकडची तिकडं गेली. मी मांडीवर हात ठेवून नुसता बसून राहिलो. वाटलं, संपलं, आता उघडा पडलो. ताईंनी मागून येऊन पडदा बघितला. "घर बदललंय, माणसं तीच हायत," म्हणाल्या. "चल, कोण कुठं बसलंय बघूया."

तेव्हापासून माझ्यात भीती मुरली ती मुरलीच, आणि गिऱ्हाइकांनी तिला खतपाणी घातलं. वीर स्टेशनचा एक रिक्षावाला यायचा. त्याला मागच्या काचेवर दोन मुलींची नावं पाहिजे होती, दोन्ही एकाच लांबीची. एक नाव चांगलं ऐसपैस आणि एक इवलंसं. "छोटं नाव ताणा, पण ताणलंय असं दिसू नाय पाहिजे. घरी मोजणार हायत त्या." खरंच मोजलं त्यांनी, तो दुसऱ्या दिवशी सांगायला आला. तुडीलच्या एका कुवेतवाल्या गृहस्थांना दारावर अरबीत एक ओळ पाहिजे होती. मी रेघा बिनचूक काढल्या आणि सोलताना अक्षरांच्या वरखालचे सुटे ठिपके कचरा समजून टाकून दिले. इरफानभाईंनी पाटी बघितली आणि डोक्याला हात लावला. "अरे भल्या माणसा, पूर्ण जेवणातलं मीठच काढून घेतलंस की!" मग आम्ही दोघांनी कचऱ्याचा डबा उलटा करून ठिपके वेचले.

ताईंच्या टेबलाला वरून काच होती. काचेखाली रंगांचे नमुने, आणि एका कोपऱ्यात लग्नातला जुना फोटो. बायकांची रांग. रांगेच्या टोकाला एक बाई, तिचा अर्धा चेहरा शेजारणीच्या पदराआड गेलेला. "माझी आय," ताई एकदा म्हणाल्या. त्या लहान असतानाच आई गेली. दुसरा फोटो नाही. "कधीतरी हिचं चित्र काढून दे मला. रेघांचं. घाई नाय." मी हो म्हटलं. शिकाऊ होतो, तेव्हा कुणालाही हो म्हणायचो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते काम.

आमच्या धंद्यात एक सोय आहे. कलश, फुलपाखरू, देवाचा चेहरा, असं काही असलं की सगळं काढायचं नाही. अर्धं काढायचं, त्याची आरशातल्यासारखी उलटी प्रत करायची आणि दोन्ही मधोमध जोडायच्या. निम्मी मेहनत, आणि दोन्ही बाजू तंतोतंत. यात कुणी लबाडी मानत नाही. सगळेच असं करतात, मशीनसुद्धा जणू त्यासाठीच केलेलं.

शिमग्याच्या आधी सुजाताताईंच्या माहेरचे सुरेशदादा दुकानात आले. ते मुंबईला असतात, गावच्या मंडळाचं तेच बघतात. गावाचं आणि देवीचं नाव लिहू नको असं त्यांनी बजावलंय, म्हणून मी नुसतं गाव आणि देवी म्हणतो. देवी म्हणजे एक शिळा. शिमग्याला तिचं चांदीचं रूप, म्हणजे मुखवटा, पालखीत बसतं. ते रूप फार जुनं. घासून घासून पत्रा झिजलेला, नाकाशी भोक पडलेलं. गावानं नवीन करायचं ठरवलं होतं. सोनाराला खऱ्या मापाचं, स्वच्छ रेघांचं चित्र पाहिजे होतं. ते मशीननं पितळेच्या पत्र्यावर कोरायचं आणि त्यावरून तो चांदी ठोकणार.

"मुंबईत देणार होतो," सुरेशदादा म्हणाले, "पण सुजी म्हणाली हितंच द्या."

"माझ्या हाताखालचा हाय," ताई म्हणाल्या. "मी सांगते ना, चुकायचा नाय."

इरफानभाईंनी मला बाजूला घेतलं. "बॅनर चुकला तर आपण दुसरा छापतो, गजा. हे तसं नाही. दुकान माझं, देवी त्यांची, शब्द सुजाताचा. तिन्ही तुझ्या हातात आहेत." त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल. मला जेवण गेलं नाही.

सुरेशदादांनी दिलेल्या रूपाच्या फोटोवरून मी उजवी बाजू काढली. कपाळाचा बाक, भुवई, पापणी, गालाचा उतार. एकेक नोड जपून ठेवला, रेघ नितळ आली. मग नेहमीसारखी उलटी प्रत केली, जोडली. पडद्यावर अशी देखणी देवी उभी राहिली की इरफानभाईंनी शेजारच्या दुकानदाराला बोलावून दाखवली. सुरेशदादांना मोबाईलवर पाठवली, त्यांचं लगेच आलं: लय भारी.

सुजाताताई मात्र मान तिरकी करून बघत राहिल्या.

"काय झालं, ताई?"

"काय नाय. छान हाय." मग जरा थांबून, "लयच छान हाय."

तो 'लयच' मला झोपू देईना. ताईंनाही काय खटकतंय ते धड सांगता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "गावाला जाऊया. कौल घेतल्याबिगर सोनाराकडं द्यायचंच नाय. दुकानाचा लॅपटॉप बरोबर घे, असू दे." कौल म्हणजे काय हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक ओके म्हणतं आणि काम पुढं जातं. इथं ओके देवीकडून यायचं होतं.

पोलादपूरपर्यंत एसटी, पुढं माणसं भरली की सुटणारी वडापची जीप. चित्राची गुंडाळी मी छातीशी धरलेली. घाट चढताना ताई सहज म्हणाल्या, "जुनं रूप आटवायचं आणि तीच चांदी नव्यात मिसळायची. रीतच हाय आमची."

"म्हणजे जुनं राहणार नाही?"

"कसं ऱ्हाईल? देवी काय दोन ठिकाणी ऱ्हाते?"

मी वळणांकडं बघायचं सोडून दिलं. इतके दिवस मला वाटत होतं की मी एका चेहऱ्याचं चित्र काढलंय. आता कळलं की तो चेहरा एकदा मुशीत गेला की माझ्या रेघा आणि एका धूसर फोटोखेरीज कुठंच उरणार नाही. मी कुठं चुकलो असलो तर ताडून बघायला खरं रूप राहणार नव्हतं.

देवळात माणसं जमली होती. तात्या गुरवांनी शिळेला ओल्या फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी आधी पडली तर देवीचं हो, डावी पडली तर नाही. माझं चित्र समोर पाटावर उलगडून ठेवलं. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं, "आई माते, लेकरांनी नवीन रूप काढलंय. तुला मानवत असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे, पण लेकरांना घोळात ठेवू नको." त्यांचं बोलणं पुरतं संपलंही नव्हतं आणि डावी पाकळी पडली.

सगळेच एकदम बोलायला लागले.

"वाऱ्यानं पडली," सुरेशदादा म्हणाले. "तात्या, परत लावा."

"देवीला खोटं पाडतोस व्हय?" तात्या म्हणाले.

मागून एकजण म्हणाला, "घाटावरच्या पोराच्या हातनं काढून घेतलं, मग काय व्हनार? त्याला शिमगा तरी ठावं हाय का?"

माझे कान तापले. मला खरंच ठावं नव्हतं. आमच्याकडं शिमगा म्हणजे होळी आणि बोंबा. मी गुंडाळी उचलून निघायच्या बेतात होतो. सुजाताताई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेऊन, पण आवाज दुकानातला. "कौल रेघंचा घेतलाय, पोराचा नाय. पोराचा घ्यायचा असंल तर माझा पण घ्या. मी आणलाय त्याला."

तेवढ्यात तात्यांची चुलती, भागीकाकी, पाटाजवळ येऊन बसल्या. वर्षाच्या वर्षाला देवीचं रूप चिंचेनं घासून लख्ख करायचा मान त्यांचा. त्यांनी चित्र जवळून बघितलं, लांब धरून बघितलं. "ही कोण गो?" त्या ताईंना म्हणाल्या. "दोनी डोळे टक्क उघडे. ही निजायची कधी?"

लोक हसले. काकी हसल्या नाहीत. "आमची आय डावा डोळा जरा मिटून असते. एका डोळ्यानं निजते आणि एका डोळ्यानं गाव राखते."

"अगो काकी, तो चेमटलेला हाय," एक म्हातारे म्हणाले. "आमच्या आज्याच्या वेळंला पालखी नाचवताना रूप खाली आलं. तवा दबला डोळा."

"तुज्या आज्यानं पाडलं म्हन की मग!"

"पाडलं नाय, आलं!"

सुरेशदादांनी हात वर केला. "म्हणजे तो डागच झाला ना? मग डाग नव्या रूपावर कशाला? वाकडं सरळ करायची संधी हाय, तर करू की. पोरानं उलट चांगलंच केलंय."

खरं सांगायचं तर मला तिथं सुटका दिसली. गिऱ्हाईकच म्हणतंय चांगलं केलं. पण ताई माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या 'लयच छान'चा अर्थ मला त्या क्षणी उमगला. मी डाव्या बाजूकडं बघितलंच नव्हतं. फोटोत ती होती, समोर होती, आणि मी तिच्यावर उजवी उलटवून घातली होती.

"मला एक दाखवू द्या," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की ताईंना परत सांगावं लागलं, "तो काय तरी दाखवतोय, गप ऱ्हा जरा."

तात्यांनी रूप पाटावर ठेवलं. मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्यांनी दिवा बाजूनं धरला, म्हणजे झिजलेल्या रेघांची सावली पडेल, आणि मी बरोबर वरून फोटो काढला. लॅपटॉपवर त्याचे मधोमध दोन भाग केले. आधी उजवी बाजू घेतली, तिची उलटी प्रत तिलाच जोडली. तयार झाली ती माझीच देवी, दोन्ही डोळे उघडे, करारी, जरा रागीटच. मग डावी घेतली आणि तीही तशीच तिला जोडली. पडद्यावर दुसरीच कुणी आली. पापण्या जड, ओठांचं टोक वर वळलेलं, नुकतं पोर निजवून स्वतः डुलकी घेणाऱ्या बाईसारखी.

दोघी शेजारीशेजारी ठेवल्या. आज्यानं पाडलं की रूप आपसूक आलं, हे भांडण बंद झालं. ओठाचं ते टोक कुठं पडून, दबून आलेलं नव्हतं. ते कुणीतरी हातानं काढलेलं होतं. भागीकाकींनी आधी एकीला हात जोडले, मग दुसरीला. "ह्या दोघी मिळून ती एक," त्या म्हणाल्या.

सुरेशदादांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. "ऱ्हाऊ दे. वाकडं तर वाकडं. तसंच काढ."

देवळाच्या ओट्यावर बसून मी नवीन काढायला घेतलं. सगळं, दोन्ही बाजू, वेगवेगळ्या. पोरंबाळं खांद्यावरून वाकून बघत होती. डाव्या पापणीशी येऊन मी अडलो. फोटोत तिथं नुसता धूसरपणा होता. घाबरलो की मी खुंट्या ठोकतो. तशा ठोकत सुटलो आणि पापणीचा करवतीचा दात झाला. ताई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी बांधलेला उजवा हात माझ्या हातावर ठेवला. बोटांत जोर नव्हता, पण हात थांबला. "काढून टाक सगळ्या. एक ठेव. आता मिशी ओढ. भीत भीत नको, काकी बघतायत." मग काकींना विचारलं, "काकी, घासताना हितं कसं लागतं गो बोटाला?"

काकींनी डोळे मिटून हवेत अंगठा फिरवला. "उतरतं… उतरतं… आनि हितं जरा थांबतं."

जिथं थांबतं तिथं मी दुसरा नोड ठेवला.

गावात छापायची सोय नव्हती. तात्यांनी लॅपटॉपच पाटावर ठेवायला सांगितला. कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलेलं मी दसऱ्याला बघितलंय, पण कौलाला बसलेला तो पहिलाच. परत पाकळ्या, परत गाऱ्हाणं. या वेळी पाकळ्या पडेचनात. तात्या हात जोडून उभे, सगळे उभे, मी बॅटरीचा आकडा बघतोय आणि मनात म्हणतोय, आई, हो किंवा नाही, पण चार्जिंग आहे तोवर सांग. बाहेर कुठंतरी बैलाची घंटा वाजत होती. ताईंकडं बघायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी माहेरात माझ्यासाठी स्वतःला पणाला लावलं होतं आणि मी त्यांना परत तिथंच उभं केलं होतं.

उजवी पाकळी आधी कलली, लोंबली, आणि मग पडली.

त्यानंतर जुनं रूप मुशीत गेलं. मी बघायला गेलो नाही, मला बघवलं नसतं. शिमग्याला मात्र ताईंनी ओढून नेलं. ढोल वाजत होते, पालखी खांद्यांवर नाचत होती आणि मी सगळ्यांसारखा हात जोडायचे सोडून डावी पापणी शोधत होतो. दिसली. काकींनी मला गर्दीतून बोलावलं, "ए घाटावरच्या, इकडं ये," आणि माझ्या कपाळाला गुलाल फासला. "निजली बघ आमची आय."

मी मान हलवली. त्यांना काय सांगू? ओठाच्या टोकाशी एक नोड मी जरा बाहेर ठेवलाय. तिथला बाक असायला पाहिजे त्याहून किंचित कडक आहे. जुनं रूप नाही आणि फोटोवरून केसाएवढा बाक कळत नाही, त्यामुळं आता कुणी ताडून बघू शकत नाही, आणि म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जात नाही. सोनाराच्या हातोडीनं ते मऊ केलं असेल, असं मी स्वतःला सांगतो.

सुजाताताईंचं मनगट पुढं फारच गेलं. त्यांनी काम सोडलं. घरचे महाड सोडून पोलादपूरला राहायला गेले, आता त्यांच्याबरोबर तिथंच असतात. जाताना त्यांनी टेबल आवरलं, पण काचेखालचा फोटो काढला नाही. मी आठवण केली. "ऱ्हाऊ दे हितंच," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुला आठवण ऱ्हाईल. आणि गजा, अर्धं काढून उलटवू नको हां. तसंच करायचं असतं तर मीच नसतं केलं?"

पदराबाहेरची बाजू मी कधीच काढून ठेवलीय. भुवई, डोळा, कानातली कुडी, सगळं थोडक्या नोडांत, त्यांनी शिकवलं तसं. दुसरी बाजू फोटोत नाही, ती माणसांत आहे. म्हणून हल्ली सुट्टीच्या दिवशी मी डोंगरात जातो आणि भागीकाकींच्या अंगणात बसतो. सुजीची आय कशी होती, विचारतो. काकी सांगतात, हसली की ह्या अंगानं गाल आधी हालायचा. मग डोळे मिटून हवेत अंगठा फिरवतात, आणि मी बघत राहतो. कधी त्यांना आठवतं, कधी मागच्या वेळचं सांगितलेलं पुसून दुसरंच सांगतात. मी घरी येऊन एक नोड हलवतो, परत होता तिथं ठेवतो.

ताई, तुम्ही घाई नाही म्हणाला होतात. पण काकी थकत चालल्यात, मला घाई आहे. तुमच्या आईची रेघ अजून उघडी आहे. ती मी मिटवीन, न उलटवता मिटवीन, आणि पोलादपूरला तुमच्या हातात आणून देईन.